नाती मोजून संस्कृती ठरत नाही

दर दोन-चार महिन्यांनी एक ढकलपत्र फिरत फिरत येतं. पूर्वी ईमेलमधून यायचं, आता व्हॉट्सॲपवर येतं. मजकूर तोच. इंग्रजांकडे काय, सगळे अंकल आणि सगळ्या आंटी! आपल्याकडे बघा... काका, मामा, आत्या, मावशी, जाऊ, नणंद, साडू, विहीण. आणि शेवटी ठरलेलं भरतवाक्य: ज्यांच्याकडे नात्यांना शब्दच नाहीत, त्यांच्याकडे नाती कुठून असणार? खाली जोडलेले हात आणि दोन फुलं.

मला हे पटत नाही. आणि ते "चालायचंच, कौतुकाने लिहितात बिचारे" म्हणून सोडून द्यावं असंही वाटत नाही, कारण त्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही महागात पडणाऱ्या आहेत. एक, हे वैभव आपलं एकट्याचं आहे ही समजूत. दोन, शब्द जास्त म्हणजे माया जास्त हा हिशोब. तीन, हे शब्द मरताहेत ते इंग्रजीमुळे, हा निष्कर्ष. हे पान वाचणाऱ्यांत माझे काका, मावशी आणि दोन आतेबहिणीही आहेत, आणि यातल्या किमान एकाने हे पत्र मला दोनदा पाठवलेलं आहे, हे माहीत असूनही लिहितोय. :)

मुद्दा स्पष्ट व्हायला मी मुद्दाम लांबची भाषा घेतो. कुर्दी. कुर्दी ही एकसंध भाषा नाही. उत्तरेची कुर्मांजी, मध्याची सोराणी आणि इतरही बोली आहेत. कुर्मांजीची जी शाखा इराकच्या उत्तर टोकाला, दुहोक, झाखो, आमेदी, आक्रे या भागात बोलतात, तिला बादिनी किंवा बहदिनी म्हणतात. या लेखात मुख्यतः तिच्याबद्दल. (कुर्दी शब्दांतला 'झ' हा इंग्रजी झेडसारखा आणि 'ख' उर्दूतल्या 'खबर'सारखा घशातून वाचा.)

तर बादिनीत बापाचा भाऊ तो माम. आईचा भाऊ तो खाल. बापाची बहीण ती मेत आणि आईची बहीण ती खालेत. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी, चारही घरं वेगळी. काकाची बायको ती जिनमाम, मामाची बायको जिनखाल, भावाची बायको जिनबिरा. आजोबा म्हणजे बापीर, सरळ अर्थ 'म्हातारा बाप', आणि आजी दापीर, 'म्हातारी आई'. चुलतभाऊ पिसमाम, म्हणजे 'काकाचा पुत्र'. चुलतबहीण दोतमाम, 'काकाची लेक'. शेजारच्या सोराणीत दोन बहिणींच्या नवऱ्यांनाही शब्द आहे: आवलझावा. आवल म्हणजे सोबती, झावा म्हणजे जावई. जोडजावई म्हणा हवं तर. आपला साडू तोच हा.

आता झावा आणि जावई हे शब्द शेजारी ठेवून बघा. संस्कृत जामातृ आणि जुन्या इराणी भाषांतलं झामातर ही एकाच मुळाची दोन रूपं. एकाचा जावई झाला, दुसऱ्याचा झावा. कुर्दी खेझूर आणि आपला सासरा, दोघे श्वशुराच्या घराण्यातले. खेसू आणि सासू तशाच. नातवाला कुर्दी नेवी म्हणतात, आणि आपला नातूही त्याच नप्तृ-नपात् मुळातून आलाय. भावाच्या मुलाला सोराणीत ब्राझा म्हणतात. यातलं 'झा' म्हणजे जन्मलेला. आपल्या अनुज-अग्रजमधला 'ज' तोच हा. ब्राझा म्हणजे अक्षरशः भ्रातृज! बहिणीच्या मुलाला ख्वारझा. पुतण्या वेगळा आणि भाचा वेगळा, जसा आपल्याकडे.

गंमत म्हणून हेही बघा की माम म्हणजे आपला मामा नव्हे, काका. आणि काक म्हणजे काका नव्हे, थोरला भाऊ, आपला दादा. एखादा मराठी माणूस दुहोकच्या लग्नात मुलाच्या 'माम'ला मामाच्या मानाने भेटायला गेला तर मजा येईल. :)

म्हणजे पहिली चूक इथेच संपते. हे वैभव आपलं आहे, पण आपलंच नाही. कुर्दांचंही आहे. ज्या युरोपाला आपण या बाबतीत गरीब ठरवतो तिथे स्वीडिश माणूस आजही बापाच्या भावाला आणि आईच्या भावाला वेगळ्या शब्दांनी हाक मारतो. आणि खुद्द इंग्रजी? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत काका, मामा, आत्या, मावशी या चौघांना चार स्वतंत्र शब्द होते. नंतर फ्रेंचमार्फत 'अंकल' आणि 'आंट' आले आणि ते चारही गेले. त्यातही विनोद असा की अंकल ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा मूळ अर्थ मामा, आणि आंट ज्यातून आला त्याचा अर्थ आत्या. इंग्रजांनी मामा आणि आत्या घेऊन काका आणि मावशीचं काम भागवलं, एवढंच. त्यांची माया त्या शतकात अचानक आटली असं कुणी म्हणेल का?

आता दुसरी चूक. ही मला जास्त गंभीर वाटते.

नात्याला वेगळा शब्द का असतो? प्रेम जास्त म्हणून? मग सर्वांत जास्त शब्द मित्रांसाठी असायला हवे होते. शब्द तिथे पडतो जिथे व्यवहार वेगळा असतो. कुणाचा काय हक्क, कुणी कुणाला काय द्यायचं, कुणाशी लग्न चालतं, कुणापुढे डोक्यावर पदर हवा, मयताला कुणी खांदा द्यायचा. नात्याचे शब्द हा एक जुना दस्तऐवज आहे. त्यात प्रेम आहे, पण समासात. मुख्य मजकूर हक्क आणि कर्तव्यांचा आहे.

पिसमाम आणि दोतमाम घ्या. फ्रेडरिक बार्थ हा नॉर्वेचा मानववंशशास्त्रज्ञ १९५१ मध्ये इराकी कुर्दिस्तानात होता, बादिनी मुलखाच्या दक्षिणेला. काकाच्या मुलीशी लग्न या विषयावरचा त्याचा निबंध १९५४ साली आला आणि त्यावर पुढे खूप वाद-चर्चा झाली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुतण्याला मुलगी दिली तर काका वधूमूल्य कमी घेतो किंवा घेतच नाही, आणि बदल्यात त्याला पुतण्याची राजकीय साथ मिळते. टोळीची भांडणं झाली की माणसं लागतात. पुतण्या हा पहिला माणूस. म्हणून टोळीवाल्या गावांत अशी लग्नं जास्त आणि कुळांच्या गावांत कमी.

म्हणजे पिसमाम हा शब्द मुलीच्या दृष्टीने बघितला तर 'माझा चुलतभाऊ' एवढाच उरत नाही. 'ज्याचा माझ्यावर पहिला हक्क मानला जातो तो' असाही त्याचा अर्थ होता. त्याने नाही म्हणेपर्यंत दुसऱ्याने मागणी घालायची नाही, असा रिवाज. आता सांगा, हा शब्द आहे म्हणून त्या मुलीचं कुटुंब जास्त मायेचं झालं?

आपला नकाशा बघितला तर रस्ते अगदी उलटे. आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे सख्ख्यासारखा, लग्नाचा विचारही नाही. पण मामाची मुलगी चालते, अनेक जातींत तर आवडीने करतात. इरावती कर्व्यांचं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं पुस्तक १९५३ चं, म्हणजे बार्थच्या निबंधाच्या एकच वर्ष आधीचं. त्यात त्यांनी प्रांताप्रांतांतले नात्यांचे शब्द आणि लग्नाचे नियम शेजारी शेजारी मांडले आहेत, आणि उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात महाराष्ट्र ठेवलाय. ते पुस्तक वाचलेला माणूस "आमच्याकडे शब्द किती!" असं म्हणून थांबूच शकत नाही. त्याला लगेच पुढचा प्रश्न पडतो, की हा शब्द काय काम करतो? मामा-भाचीच्या हाकेमागे कोणती अपेक्षा आहे? आत्याचा मान कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? सुनेला नणंदेसाठी 'वन्स' हा आदराचा शब्द लागतो, पण नणंदेला भावजयीसाठी त्या तोलामोलाचा लागत नाही, असं का?

दुसरं उदाहरण. कुर्दीत 'जिन बि जिन' म्हणून प्रकार आहे. बाईच्या बदल्यात बाई. तुमची मुलगी आम्हाला, आमची तुम्हाला, वधूमूल्याचा प्रश्न मिटला. आपल्याकडे याला शब्द आहे: साटंलोटं. एका जोडप्याचं बिनसलं की दुसऱ्या सुखी जोडप्यालाही ओढून काढायचं, हा त्यातला छुपा नियम. शब्द आहे, नेमका आहे, जुना आहे. अभिमान बाळगायचा का?

इराकने व्यक्तिगत कायद्यात (१९५९ चा कायदा क्र. १८८) १९७८ साली दुरुस्ती करून लग्नाची सक्ती करण्याला आणि नातेवाइकाने लग्न अडवण्याला, दोन्हींना बंदी केली. कुर्दिस्तान प्रांताने २०११ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा क्र. ८ केला, त्यात सक्तीचं लग्न, बालविवाह आणि हे अदलाबदलीचं लग्नही हिंसेच्या यादीत घातलं. ज्या समाजात पिसमामचा हक्क मोठा होता, त्याच समाजातल्या बायकांनी तो मोडायला वर्षानुवर्षं काम केलं. ढकलपत्रात या बायकांना जागा नाही, कारण तिथे प्रत्येक नातं गोडच असतं.

इथे दुसऱ्या बाजूची मंडळी खूश होतील. त्यांचं म्हणणं ठाऊक आहे: मग जाऊ द्या ना हे सगळं! 'कझिन' म्हणा, मोकळे व्हा. चुलत-मामे-आते-मावस करत बसायचं कशाला? जुन्या हक्कांचं ओझं शब्दाबरोबर जाईल.

नाही जात. हाच तर घोळ आहे. शब्द गेला म्हणून हक्क जात नाही, तो फक्त बिननावाचा होतो. एखाद्या मुलीने सांगितलं की "कझिन मागे लागलाय", तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. "पिसमाम मागे लागलाय" म्हटलं की दुहोकमधल्या कुठल्याही म्हातारीला पूर्ण परिस्थिती कळते: काका कोण, दबाव कुठून, मध्यस्थी कुणी करायची. ज्याच्याशी भांडायचं त्याचं नेमकं नाव माहीत असावं लागतं. कायद्यालाही ते नाव लागतं.

आणि शब्द रिवाजापेक्षा जास्त जगतात, बदलतात, कामंही बदलतात. साटंलोटं आता लग्नात क्वचित ऐकू येतं, पण राजकारणाच्या बातमीत रोज असतं. चांगली नोकरी मिळाली की त्याला! कुर्दांमध्येही तेच. जलाल तालबानी २००५ ते २०१४ इराकचे राष्ट्राध्यक्ष होते. त्यांना लोक शेवटपर्यंत 'माम जलाल' म्हणत राहिले, जलालकाका. मसूद बारझानींना 'काक मसूद' म्हणतात, मसूददादा. आपल्याकडच्या दादा-ताई-भाऊ-आबांच्या राजकारणाला यात नवल वाटायला नको. नात्याचा शब्द घराबाहेर पडून राष्ट्राध्यक्षाच्या नावाला जाऊन चिकटतो, आणि तिथेही आपलं जुनं काम करतोच: हा आपला माणूस आहे, याच्याकडे मागता येतं, आणि याला प्रश्न विचारणं जरा अवघड आहे. म्हणून म्हणतो, शब्द टाकूनही भागत नाही आणि ओवाळूनही भागत नाही. तो वाचता यायला हवा.

आता तिसरी चूक, की हे शब्द इंग्रजी मारते.

कुर्दीचा अनुभव काय सांगतो? तुर्कस्तानात १९८३ साली कायदा क्र. २९३२ आला. देशाच्या नागरिकांची मातृभाषा तुर्की आहे, असं त्यात सरळ लिहून टाकलं होतं. लाखो घरांत जी भाषा बोलली जात होती ती कायद्याच्या हिशोबी अस्तित्वातच नव्हती. १९९१ मध्ये तो रद्द झाला. पण अक्षरांचा प्रश्न राहिलाच. कुर्मांजी तिथे लॅटिन लिपीत लिहितात आणि तिच्यात 'एक्स', 'क्यू', 'डब्ल्यू' ही अक्षरं लागतात. १९२८ च्या तुर्की वर्णमालेत ती नाहीत, म्हणून सरकारी कागदावर नावांत ती चालत नसत. ही आडकाठी काढण्याची घोषणा व्हायला २०१३ साल उजाडलं. आता खाल, खालेत, खुश्क, खेझूर, खेसू हे शब्द त्या लिपीत कसे लिहितात? पाचही 'एक्स'ने सुरू होतात. मामा, मावशी, बहीण, सासरा, सासू. या पाचही नात्यांचं पहिलंच अक्षर देशाच्या वर्णमालेबाहेर!

यात इंग्रजी कुठे आहे? आणि एक लक्षात घ्या, तुर्कीत काही नाती कमी नाहीत. तुर्कीतही काका, मामा, आत्या, मावशी यांना चार वेगळे शब्द आहेत. कुर्दी मुलगा शहरात जाऊन तुर्की बोलायला लागला की त्याचा नकाशा सपाट होत नाही, नकाशातली चारही घरं शाबूत राहतात. फक्त आजीने ज्या शब्दाने हाक मारायला शिकवलं तो शब्द जातो, आणि त्याबरोबर आजीशी बोलणंही. 'शब्दसंख्या' मोजणाऱ्या ढकलपत्राच्या हिशोबात हे नुकसान शून्य भरतं. चारच्या जागी चार. म्हणून तो हिशोबच खोटा आहे.

दुसरा धोका घरातलाच आहे, आणि तो बोलायला जास्त अवघड. इराकच्या २००५ च्या राज्यघटनेने अरबीबरोबर कुर्दीला राजभाषा केलं. फार मोठी गोष्ट. पण कुर्दी म्हणजे कोणती? २००८ साली ५३ लेखक-अभ्यासकांनी पत्र काढून मागणी केली की सोराणीलाच कुर्दिस्तान प्रांताची अधिकृत भाषा करावं. बादिनी मुलखातून विरोध झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. कारण सोराणीत आत्या आणि मावशी दोघींनाही एकच शब्द चालतो, पूर. त्यामुळे पूरझा म्हटलं की आतेभाऊ, मावसभाऊ, आतेबहीण, मावसबहीण सगळे एका पोत्यात. म्हणून सोराणी गरीब ठरते का? मुळीच नाही. तिची स्वतःची बारकाई दुसरीकडे आहे, हे वर ब्राझा-ख्वारझा आणि आवलझावात आपण बघितलंच. माझा आक्षेप एवढाच की दुहोकच्या मुलाने निबंधात 'मेत' लिहिलं तर त्यावर लाल रेघ मारण्याचा अधिकार कुणालाही नसावा. ज्यांनी बगदाद आणि अंकाराकडून "तुमची भाषा म्हणजे बोली" हे ऐकलं, त्यांनी तेच वाक्य आपल्या उत्तरेच्या भावंडांना ऐकवू नये.

ही लाल रेघ आपल्याला ओळखीची आहे. साताऱ्याकडे, मराठवाड्यात आत्याला मावळण म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला मावळा. विदर्भात मोठी आई असते. मालवणीत आवस-बापूस असतात. चुलता-चुलती तर कितीतरी घरांत रोजचे शब्द. पाठ्यपुस्तकात मात्र आत्या आणि काका-काकू. मावळण म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसले असतील तर ते इंग्रज नव्हते. आपणच होतो. आणि घरी आल्यावर आपणच ढकलपत्र पाठवलं, की बघा आमची भाषा किती समृद्ध!

शुद्धतेचंही तेच. कुर्दी खाल आणि खालेत हे मुळात अरबीतून आलेत. आपल्याकडच्या मुसलमान घरांतल्या खाला-खालू त्यांचेच नातेवाईक. अरबीतून आले म्हणून कुर्द माणसाचा मामा परका होत नाही. शब्द घरात राहिला, त्याच्या हाकेला ओ दिली गेली, की तो घरचा.

तर मग करायचं काय? माझ्या मते एकच काम आहे, आणि ते घरबसल्या होण्यासारखं आहे. आपल्या घरात जे शब्द आहेत ते लिहून काढायचे. नुसती यादी नको. प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी: कोण कुणाला म्हणतं, समोर बोलताना काय म्हणतात आणि पाठीमागे काय, आणि त्या नात्याने काय मागता येतं, काय द्यावं लागतं. तिसरा रकाना भरताना घरातल्या बायकांना आधी विचारा. पुरुषांच्या आणि बायकांच्या यादीत तिथे फरक पडेल आणि तो फरक हाच खरा मजकूर असेल. दुहोकची एखादी दोतमाम आणि तिचा पिसमाम यांनी वेगवेगळी यादी केली तर ती जुळेल का, विचार करा.

ज्यांना हे जमतंय त्यांनी आपापल्या पानावर जरूर लिहा, वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी, आगरी, जे असेल ते. इथे खाली लिहिलंत तरी चालेल. काका, मावशी, तुम्हीसुद्धा. पुढचं ढकलपत्र पाठवण्याऐवजी आपल्या घरात 'मावळण' कधी बंद झालं आणि का, एवढं आठवून कळवा. माझ्या दृष्टीने ते पन्नास फुलांच्या बरोबरीचं आहे.